तेहतीस इंची टायर आणि तिलारीचा उतार

चंदगड तालुक्यातल्या एका काजूबागायतदाराचं पत्र आलंय. २०११ सालची स्कॉर्पिओ गेटअवे पिकअप, फोर बाय फोर, त्यांनी जुन्यात घेतली. बाग डोंगराच्या उतारावर आहे आणि डांबरी सोडून आत पाणंदीने जावं लागतं. गाडीत कधी काजूबी, कधी खताची पोती, कधी माणसं. महिन्यातून दोन-तीन वेळा तिलारी घाट उतरून दोडामार्गाला खेप असते. गेल्या पावसाळ्यात गाडी पाणंदीत दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा शेजारच्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. बेळगावच्या जीपवाल्या मित्रांचं म्हणणं, ‘तेहतीस इंची मड टायर टाक, विषय संपला.’ मेहुण्याकडे असा एक वापरलेला संच पडून आहे, तो स्वस्तात मिळतोय. बायको म्हणते, आधी ब्रेक बघा. टायर कुठले आणि केवढे घ्यावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तेहतीस इंची नको. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो तुम्ही पाठवलाय, त्यावर २४५/७५ आर १६ लिहिलंय. त्याच मापाचा ऑल-टेरेन टायर घ्या, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीवर चालणारा, आणि तो एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीचा. फारच हौस असेल तर एक पायरी वर, २६५/७५ आर १६, त्याच्या वर नाही. आणि स्टेपनी धरून पाचही एकदम घ्या. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, त्याकडे येतोच.

टायरवर पैसे घालण्याआधी दोन गोष्टींचा छडा लावा. पहिली म्हणजे गाडी नेमकी कशाने अडकली. तुम्ही फक्त ‘रुतली’ एवढंच लिहिलंय. चाकं जागच्या जागी फिरत होती, की गाडीचं पोट टेकलं होतं? त्याच पाणंदीतून शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर जातात, हेही तुम्ही लिहिलंय. ट्रॅक्टरची मागची चाकं पाणंदीत दोन खोल चाकोऱ्या पाडतात आणि मधे मातीचा उंचवटा उरतो. ट्रॅक्टर त्याच्यावरून सहज जातो, पण पिकअपच्या मागच्या अॅक्सलचा तो भोपळा, म्हणजे डिफरन्शियलचा गोल डबा, बरोबर त्या उंचवट्यावर बसतो. एकदा तो बसला की चाकांवरचं वजन उतरतं, आणि मग कुठलाही टायर घाला, तो हवेत फिरल्यासारखाच फिरणार. या दुखण्यावरचा खरा इलाज टायरच्या दुकानात मिळत नाही. एप्रिल-मे मध्ये पाणंदीच्या वाईट टप्प्यात मुरूम किंवा जांभ्याची खडी टाकून चाकोऱ्या भरून घ्या आणि पाणी बाजूला जायला चर काढा. शेजारीही खर्चात वाटा उचलतील, त्यांचीही ती वाट आहे.

दुसरी गोष्ट जुन्या फोर बाय फोर गाड्यांची खास आहे. तुमचं फोर-व्हील खरंच लागतं का? डॅशबोर्डवर दिवा पेटतो, हे उत्तर नाही. खटका फिरवला की दिवा पेटतो, पण ट्रान्सफर केसची (पुढच्या चाकांकडेही ताकद वळवणाऱ्या डब्याची) मोटर, पुढच्या अॅक्सलची जोडणी, व्हॅक्युमची नळी यातलं काहीही वर्षानुवर्षं न वापरता गंजून किंवा सुकून बसलेलं असू शकतं. मागच्या मालकाने गाडी डांबरीवरच चालवली असेल तर शक्यता आणखी जास्त. तपासायला मेकॅनिक लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या मोकळ्या, मऊ शेतात गाडी न्या. फोर-लो, म्हणजे फोर-व्हीलची संथ आणि ताकदीची जागा, लावा, स्टिअरिंग पूर्ण कापा आणि हळूहळू गोल फिरा. फोर-व्हील लागलेलं असेल तर गाडी मोकळी फिरत नाही. अडखळते, जखडल्यासारखी वाटते, पुढची चाकं माती खरवडतात. मग एखाद्या चढाच्या चिखलात शिरा आणि कुणाला तरी बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं करून पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. मागची दोन्ही गरगर फिरताहेत आणि पुढची नुसती उभी आहेत असं दिसलं तर तुमची गाडी टू-व्हील आहे, आणि गेल्या पावसाळ्यातल्या दोन्ही प्रसंगांचं कारण तेच निघण्याचा संभव दांडगा. ते दुरुस्त करायला पाच टायरांपेक्षा कमी पैसे लागतील.

हे दोन्ही नीट आहे असं धरून आता टायरकडे वळू.

आकड्यांचं गणित एकदा हाताने करून बघा, डोळे उघडतात. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंची. यातून पूर्ण व्यास निघतो साधारण ७७४ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच. थोडक्यात, तुमच्या गाडीला कंपनीनेच बऱ्यापैकी मोठा टायर दिलाय; त्या काळच्या पुष्कळ एसयूव्ही २३५/७० आर १६ वर निघत होत्या. २६५/७५ आर १६ चा व्यास ८०४ मिलिमीटरच्या आसपास. मित्र ज्याला तेहतीस इंची म्हणतात तो बहुतेक २८५/७५ आर १६, व्यास सुमारे ८३४. म्हणजे मूळ टायरपेक्षा ६० मिलिमीटर जास्त. पण अॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून त्याच्याखालची जागा वाढते त्याच्या निम्मी, ३० मिलिमीटर. ट्रॅक्टरची चाकोरी वीतभर खोल असेल तर या ३० मिलिमीटरने काय साधणार? २६५ ने तर फक्त १५ मिलिमीटर मिळतात.

आणि या ३० मिलिमीटरची किंमत बघा. टायर पावणेआठ टक्के उंच झाला की प्रत्येक गिअर तेवढा वर सरकतो. मागच्या क्राऊन-पिनियनचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं, गुणोत्तर समजा ४.३० आहे, तर नव्या टायरवर ते ३.९९ असल्यासारखं वागेल. सपाटीवर हे जाणवतही नाही, उलट हायवेवर इंजिन थोडं शांत वाटतं आणि माणूस खूश होतो. जाणवतं ते भरलेली गाडी घेऊन चढ चढताना: जिथे दुसऱ्यात निघत होता तिथे पहिला पडतो, क्लचवर पाय रेंगाळायला लागतो, आणि जुन्या गाडीचा क्लच हे फार दिवस सोसत नाही. स्पीडोमीटरही खोटं बोलायला लागतो. काटा ६० वर असताना गाडी खरी ६५ ने चाललेली असते.

पण माझा खरा आक्षेप चढावर नाही, उतारावर आहे. तिलारीचा उतार तुम्ही मला सांगायची गरज नाही. पोती भरून त्या वळणांवरून उतरताना गाडी आवरते ती दोन गोष्टींनी, खालच्या गिअरमधल्या इंजिनाने आणि ब्रेकने. टायर उंच झाला की इंजिनाची ओढ तेवढ्याच प्रमाणात सैल पडते, आणि तेवढंच थांबायला ब्रेकला आठेक टक्के जास्त जोर लावावा लागतो. त्यात या टायरांचं वजन. साध्या रोड टायरपेक्षा या मापाचा दणकट मड टायर एका चाकामागे आठ-दहा किलो जास्त भरतो, आणि ते वजन गरगरणारं आहे, ते थांबवणं नुसतं वाहून नेण्यापेक्षा जड. तुमच्या गाडीला चौदा-पंधरा वर्षं होत आली. मागे ड्रम ब्रेक आहेत. वहिनी म्हणतात ते याचसाठी. टायर कुठलेही घ्या, त्याआधी पुढचे पॅड, मागचे लायनर, ब्रेक ऑइल आणि रबरी होज बघून घ्या. ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल तर बदलायची वेळ झालेली आहे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही.

आता चिखल. ‘रुंद टायर म्हणजे चिखलात चांगला’ हे सरसकट खरं नाही, चिखल कुठला ते बघावं लागतं. तुमच्याकडची पाणंद कशी असते? वर चार-सहा बोटं लाल मातीचा निसरडा थर, खाली मुरूम नाहीतर जांभा. अशा जागी अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीवर टेकतो आणि तिथे त्याला पकड मिळते. रुंद टायर वरच्या राड्यावरच पसरतो आणि घसरत राहतो. जुन्या जीपा आठवा. ६.०० – १६ चे ते सहा इंच रुंदीचे काटकुळे टायर, आणि त्याच्यावर त्यांनी अख्खा सह्याद्री पालथा घातला. टायर जाडजूड असल्याशिवाय गाडी डोंगरात जात नाही, ही समजूत फोटोंनी पसरवलेली आहे.

रुंद टायरला, हवा कमी करून, अर्थ येतो तो जिथे खाली घट्ट तळच नाही तिथे, म्हणजे वाळूत किंवा खोल गाळात. चिखलणी केलेल्या भातखाचरात मात्र रुंद काय न् अरुंद काय, पिकअपने जायचंच नाही. गडहिंग्लज ओलांडून पूर्वेला कुठे काळ्या मातीत गाडी घालायची वेळ येत असेल तर तिथलं प्रकरण आणखी वेगळं. काळी माती टायरला चिकटते ती सुटत नाही. ठोकळ्यांमधल्या फटी भरतात, टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो, मग ती माती थर चढवत मडगार्डच्या आत जाऊन बसते. टायर मोठा असेल तर मडगार्ड आणि टायरमधली जागा आधीच कमी, म्हणजे चाक आणखी लवकर जाम. मडगार्डात पहार घालून माती खरवडून काढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मड की ऑल-टेरेन, हा पुढचा प्रश्न. मड टायरचे ठोकळे मोठे, फटी रुंद, नक्षी खोल. फिरता फिरता तो चिखल बाहेर फेकतो आणि पुन्हा धार धरतो, हे त्याचं खरं कसब, आणि त्याला तोड नाही. पण तेच मोठे ठोकळे ओल्या डांबरावर कमी पडतात. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती ठोकळ्यांवरच्या बारीक बारीक चिरांमुळे, आणि मड टायरला त्या अगदी मोजक्या असतात. जूनमधला तिलारी घाट, रस्त्यावर वाहतं पाणी, वळणाच्या कडेला शेवाळ, मागे पोती. तिथे मला मड टायर नको. शिवाय ते घोंघावतात, डिझेल खातात आणि डांबरीवर लवकर झिजतात. तुमच्या गाडीचं धावणं बहुतेक सगळं डांबरीवर आहे, पाणंद दोन-तीन किलोमीटरची.  तुम्ही चिखलात उतरणारच नसता तर मी साधा रोड टायर सुचवला असता, पण ती पाणंद आहे म्हणून ऑल-टेरेन.

‘एलटी’ म्हटलं त्याचं कारण जांभा. पाणंदीच्या दोन्ही अंगांना जांभ्याच्या कडा असतात आणि त्या टायरच्या तळाला नाही, बाजूला कापतात. तळाचं पंक्चर निघतं. बाजू फाटली की टायर गेला. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठी बांधलेला टायर, त्याची बाजू जास्त पदरी असते. दुकानात गेलात की टायरची बाजू जवळून वाचा. मापाच्या आधी एलटी ही अक्षरं, मापापुढे भाराचा आकडा. साध्या २४५/७५ आर १६ वर तो साधारण १११ असतो, म्हणजे एका टायरला १०९० किलो. एलटी मधल्या दहा प्लायच्या प्रकाराला १२०/११६ मिळतो. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकांसाठी. तुमचा संबंध पहिल्याशीच, म्हणजे १४०० किलो. एवढ्या भाराची गरज तुम्हाला नाही, पण मजबूत बाजू त्याच्याबरोबर येते. त्याचा तोटाही सांगून ठेवतो: रिकामी गाडी थोडी कडक चालेल, खड्डे कमरेला कळतील.

भाराच्या आकड्यापुढचं अक्षर वेगाचं. क्यू म्हणजे १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०. तुमच्या गाडीला क्यू पुरे आहे. त्याखाली एका लंबगोलात चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवाच आहे, गोडाउनमध्ये होता’ असं म्हणत दोन-तीन वर्षं जुना माल गळ्यात मारायची सवय काही दुकानदारांना असते. वर्षाच्या आतला मागा, पाचही टायरचे आकडे स्वतः वाचा, आणि मगच गाडी रॅम्पवर घ्या. आयएसआय खूण आहे का तेही बघा.

ब्रँड विचारलाय. अपोलो, सीएट, जेके, योकोहामा यांचे ऑल-टेरेन सहज मिळतात. बीएफगुडरिच, मॅक्सिस यांचं नाव मित्र घेतील, आणि ते टायर चांगलेच आहेत, पण जून २०२० पासून आयात टायर निर्बंधांच्या यादीत गेले, तेव्हापासून काही मापं वेळेवर मिळत नाहीत आणि किमती चढ्या असतात. माझ्या लेखी ब्रँडपेक्षा मोठा मुद्दा हा, की दीड वर्षाने जांभ्याने एक टायर फाडला तर तेच माप, तीच नक्षी बेळगावात किंवा कोल्हापुरात दोन दिवसांत मिळेल का? दुकानदाराला हे आधी विचारा. उत्तर ‘मागवावा लागेल’ असं आलं तर दुसरा ब्रँड बघा.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो, कारण इथेच जुन्या फोर बाय फोरची सगळ्यात महागडी चूक होते. तुमच्या गाडीचं फोर-व्हील पार्ट-टाइम आहे. खटका लावला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारे दांडे, एकमेकांना बांधले जातात, दोन्ही तेवढ्याच फेऱ्या मारणार. पुढे नवे टायर, मागे झिजलेले, किंवा पुढे एक माप आणि मागे दुसरं असेल, तर चाकांचे घेर वेगळे पडतात आणि शाफ्ट एकमेकांशी भांडत बसतात. मातीत चाक थोडं घसरून तो ताण सुटतो. घट्ट जमिनीवर सुटत नाही, मग ट्रान्सफर केसची साखळी, जोड, बेअरिंग ते सोसतात. ‘आत्ता दोन घेतो, दोन दिवाळीनंतर’ हे टू-व्हील गाडीत चालून जातं, तुमच्यात नाही. पाचवा म्हणजे स्टेपनीही त्याच मापाची हवी, आणि ती दर आठ-दहा हजार किलोमीटरला फिरवाफिरवीत घ्या, म्हणजे पाचही सारखे झिजतील. कोरड्या डांबरीवर फोर-हाय लावून फिरू नका, हे ओघाने आलंच.

तुमची स्टेपनी हौद्याच्या खाली साखळीला लटकते. २६५ घ्यायचा विचार असेल तर दुकानात पहिलं काम हे करा, की एक टायर तिथे बसतो का ते बघा. आणि रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली रुंदी वाचा. २४५/७५ साठी साडेसहा इंची रिम चालते, २६५/७५ ला किमान सात इंच लागते, २८५/७५ ला साडेसात. अरुंद रिमवर रुंद टायर ओढून बसवला की तो मधे फुगतो, मधलीच पट्टी झिजते आणि वळणावर बाजू लपकते. ‘बसतो की साहेब’ असं दुकानदार म्हणेल. बसतो, हे खरं. त्याने प्रश्न सुटत नाही. स्पेसर, म्हणजे चाकामागे जाड चकती, घालून चाक बाहेर काढायचा सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून पुढे जा. जुन्या हब बेअरिंगवर तो सगळा ताण येतो.

घासण्याचा प्रश्न २६५ ला किरकोळ येऊ शकतो, २८५ ला हमखास येतो. सपाटीवर स्टिअरिंग फिरवून बघितलं की कळत नाही. पुढचं एक चाक एखाद्या बांधावर चढवा, म्हणजे त्या बाजूचा सस्पेन्शन दबेल, आणि मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत कापा. कुठे घासलं तर तिथे ऐकू येईल. यावर गॅरेजवाले एक सोपा तोडगा सांगतात: तुमच्या गाडीला पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे, आहेत, त्याचा बोल्ट पिळला की पुढचा भाग फुकटात दोन इंच वर. फुकट काही नाही. चाक खाली जायला जागा उरत नाही, त्यामुळे गाडी खड्ड्यात आपटायला लागते. ड्राइव्ह शाफ्टचा कोन तिरका होतो आणि त्याचे रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. मग काही महिन्यांत वळताना ‘टक-टक’ आवाज सुरू. शिवाय अलाइनमेंट हलते ती वेगळीच.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल गाडीत करायचे नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. मडगार्डाबाहेर आलेला तेहतीस इंची टायर कुणाच्याही नजरेत भरतो. तुमच्या गाडीला पिवळी पाटी असेल तर पासिंगच्या वेळी वाद, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. मूळ माप ठेवलं की यातला एकही प्रश्न उभा राहत नाही. २६५ ला मी ‘फारच हौस असेल तर’ म्हटलं, त्यात हेही आलं.

टायर बसले की पाणंदीत सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू म्हणजे हवा भरायचा छोटा कंप्रेसर, बॅटरीला लावून चालणारा, आणि एक खात्रीचा प्रेशर गेज. रिकामी किंवा हलकी गाडी असेल तर चिखलात शिरण्याआधी चारही चाकांची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर लांबट टेकतो, ठोकळे जमिनीला धरतात. जिथे गेल्या वर्षी ट्रॅक्टर बोलवावा लागला, तिथून गाडी बऱ्याचदा अशीच निघते. १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून निसटतो. पोती भरलेली असतील तर एवढी हवा कमी करायची नाही. भाराखाली मऊ टायरची बाजू जांभ्यावर चिमटून फाटते. आणि डांबरीला लागलात की जागेवर थांबून हवा पुन्हा भरायची, ‘पुढच्या पंपावर बघू’ नाही. मऊ टायरने तिलारी उतरणं हा वेडेपणा आहे. भरलेल्या गाडीला पुढे-मागे किती हवा हवी ते त्याच स्टिकरवर आहे. एलटी टायरला त्याहून थोडी जास्त लागते, नेमका आकडा दुकानदाराकडून टायर कंपनीच्या तक्त्यातून काढून घ्या.

एका गोष्टीची अपेक्षा मात्र टायरकडून ठेवू नका. तिरक्या खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक अधांतरी झालं, की साधा डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या चाकांनाच देतो. तिथे घाई न करता मागे घ्या, वाट बदला, चाकाखाली दगड भरा. रेस देऊन चाक फिरवत बसलात तर चाक आपलीच कबर खणतं. आणि पुढे-मागे ओढायचे हुक चॅसिसला नीट बोल्ट केलेले आहेत का, तेवढं बघून ठेवा. बंपरला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढलेली गाडी नंतर बंपरशिवाय घरी येते.

राहिला मेहुण्यांचा संच. नात्यात नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून कारण आयतं देतो: ते चार आकडे वाचा. टायर पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर ते धरत नाही. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर तिथेच थांबा. आणि ते चारच असतील, पाचवा नसेल, तर प्रश्नच मिटला.

बाजूला काढलेल्या पैशांचा क्रम असा लावा: फोर-व्हीलची तपासणी, ब्रेक, पुढचे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, मग पाच टायर, मग कंप्रेसर. शॉकअब्जॉर्बर गळत असतील तर तेही टायरच्या आधी, नाहीतर नवे टायर लाटा पडल्यासारखे झिजतील. टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हे उरकलं तर बरं, कारण जूनमध्ये बेळगावातल्या टायरच्या दुकानांत तुमच्यासारखेच लाल चिखलाने माखलेले पिकअपवाले रांगेत असतात.